कपाटातला दुसरा पासपोर्ट

पॅरिसच्या त्या लोखंडी मनोऱ्यापुढं काढलेला माझा फोटो आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला आहे. गिऱ्हाईक पेंडीचं पोतं उचलता उचलता त्याच्याकडं बघतं आणि विचारतं, "शेठ, वर चढला होता का?" मी म्हणतो, व्हय. "काय दिसतं वरनं?" मी म्हणतो, सगळं दिसतं. सहा-सात वर्षं मी हेच उत्तर देतो आहे.

फोटोत मी एकटा आहे. एकटा का, हे कुणी विचारत नाही. ते गावाला माहीत आहे. माझ्या बायकोच्या बोटांचे ठसे मशीनवर आले नाहीत, म्हणून तिला व्हिसा मिळाला नाही. गावाला हे तिनंच सांगितलं. तिला मी सांगितलं. आणि ते खोटं होतं.

मी फार बोलणारा माणूस नाही. दुकानात भाव सांगतो, घरी हूं म्हणतो. त्यामुळं खोटं बोलणं मला सोपं गेलं असावं. कमी बोलणाऱ्याचं खोटं कुणी तपासत नाही.

कळंबच्या रस्त्याला आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. माल बारामती एमआयडीसीतून येतो. ज्या कंपनीचा माल मी विकतो, तिची दरसाल स्कीम असते. अमुक इतकी पोती खपवली की डीलरला जोडीनं परदेशवारी. आमच्या भागात खतवाले, बियाणंवाले, सिमेंटवाले सगळे अशाच वाऱ्या करून आलेत. ज्यांनी पुण्याचं स्टेशन नीट बघितलेलं नाही ते बँकॉक बघून आलेत. त्या वर्षी युरोप होतं. आणि मी टारगेट पुरं केलं.

मी केलं, असं म्हणायची सवय आहे. खरं तर ते तिनं केलं. आमच्या गोठ्यात तेव्हा अकरा गाया होत्या. तिच्या सासऱ्यानं, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं विकून पहिली जर्सी आणली. तिच्या हातात ती गाय अशी काही दुधाला आली, की वाडीवरच्या बाया तिला विचारायला यायच्या. "आक्का, तू काय घालतीस गं?" ती सांगायची तेच पोतं बाया दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आणायला लावायच्या. मी फक्त पावती फाडायचो.

तिचे हात सांगायला हवेत. पहाटे धारा, मग शेण, मग विळ्यानं मका कापणं, मग कडबाकुट्टी, मग परत धारा. बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, आणि त्यावर आडव्या भेगा. रेशनच्या दुकानात अंगठा लावायची वेळ आली की मशीन नाही म्हणायचं. दुकानदार म्हणायचा, "वैनी, फडक्यानं पुसा." ती पुसायची. "दुसरं बोट." ती दुसरं लावायची. मागची रांग हसायची. ती पण हसायची. "मला ह्ये मशीन वळखतच न्हाय बगा, सवतीगत करतंय."

युरोपच्या आधीच्या वर्षी पुण्यात एका मोठ्या हॉटेलात डीलरांचा मेळावा झाला. जोडीनं बोलावलं होतं. जेवण उभ्यानं होतं. तिचं जेवून झालं आणि तिनं आपली बशी उचलली, शेजारच्या टेबलावरच्या चार-पाच बशा उचलून त्यावर रचल्या आणि वाढप्याला विचारलं, "दादा, मोरी कुठं हाय?" तो पोरगा गोंधळला. एका डीलरची बायको, नखं रंगवलेली, मोठ्यानं म्हणाली, "अहो वहिनी, इथं पण धुणी-भांडी?" सगळे हसले. तिला वाटलं थट्टाच आहे, ती पण हसली. "खाल्ल्या ताटाला असं सोडून जायाचं म्हंजी कसं वाटतं हो."

मी पण हसलो. सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानं हसलो. मी त्यांच्यातला आहे, तिच्यातला नाही, हे कळावं म्हणून. परतीच्या गाडीत ती झोपली आणि मी ठरवलं, पुन्हा हिला न्यायचं नाही. इतकं साधं होतं ते. भांडण नाही, दुसरी बाई नाही. पाच बशा.

पण स्कीम जोडीची होती आणि ती हरखून गेली होती. पासपोर्ट निघाले. व्हिसाला पुण्याच्या सेंटरवर ठसे द्यावे लागतात, हे कळल्यावर तिनं पंधरा दिवस आधी तयारी चालू केली. धारा काढायला जावेला लावलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं गाईला हात लावला नाही. जेवणं उरकली की कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, मग साय चोळायची, वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची. मला बोटं दाखवायची. "बगा, रेघा उठल्यात का?"

सेंटरवर काचेमागची मुलगी चांगली होती. तिनं ओल्या कागदानं एकेक बोट पुसलं, दाबून धरलं. लाल दिवा. पुन्हा लाल. ही माझ्याकडं बघायची. सहाव्या-सातव्या वेळी हिरवा दिवा लागला आणि मुलगी म्हणाली, "झालं मावशी." बाहेर आल्यावर हिनं रसवंतीत दोन ग्लास रस घेतला. एक स्वतःला, एक मला. म्हणाली, "आता बोटं न्हाय मोडली तर बरं."

इकडं पुतण्यांनी चौकात फ्लेक्स लावला. मागं तो मनोरा, पुढं मी फेट्यात आणि ती पदर घेऊन. 'युरोप दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' खाली पंधरा जणांचे फोटो.

आठ-दहा दिवसांनी दोन्ही पासपोर्ट कुरिअरनं दुकानावर आले. पाकीट मी फोडलं. दोन्हींत व्हिसा होता. तिच्या पानावर तिचा फोटो, पदर डोक्यावरून काढून काढलेला, कान दिसणारा, घाबरलेला. मी बराच वेळ ते पान बघत बसलो. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला पोतं दिलं. मग तिचा पासपोर्ट मी लोखंडी कपाटात, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. पोती रचावीत तसं केलं.

संध्याकाळी ती गोठ्यात होती. जावेचं पोर आजारी, म्हणून पुन्हा धारेला बसली होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "तुझा नाही आला."

"काय न्हाय आला?"

"व्हिसा. ठशांचं झालं. नंतर तपासलं, म्हणे, नीट नाहीत."

धारेचा आवाज थांबला. तिनं दोन्ही हात उताणे करून बघितले. दूध लागलेले होते. मग पुन्हा धार चालू झाली.

"मशीन तरी काय करंल," ती म्हणाली. "आमच्या रेशनवाल्याचं आन त्येंचं एकच आसंल." धार काढता काढताच म्हणाली, "तुमचा आला न्हवं? मग जावा तुमी. एकाचं तरी पदरात पडू द्या."

फ्लेक्स काढायला पुतण्या निघाला तर तिनं आडवलं. "ऱ्हाऊ दे की. तेवढीच मी पॅरिसात."

कंपनीला मी सांगितलं, मिसेसची आई आजारी आहे. म्हणजे खोटी दोन झाली, एक इकडचं आणि एक तिकडचं, आणि ती एकमेकांना भेटू नयेत याची काळजी मी सगळा प्रवासभर वाहिली.

त्या उन्हाळ्यात पॅरिस भाजून निघत होतं. आमच्यातला एक जण म्हणाला, "च्यायला, इंदापूरचं ऊन ब्यागेत भरून आणलं का कुणी?" बसमध्ये चाळीस माणसं, माझ्या शेजारची सीट मोकळी. तिच्यावर मी तिनं दिलेली पिशवी ठेवायचो. कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. पहिल्याच दिवशी ती नखं रंगवलेली बाई पुढच्या सीटवरनं वळली. "भाऊजी, वहिनींच्या आईला बरं आहे का आता?" मी म्हणालो, आहे. ती रोज विचारायची. तिसऱ्या दिवशी तिनं लोखंडी मनोऱ्याचा छोटा कीचेन हातात ठेवला. "वहिनींना द्या. मागच्या वर्षी मी त्यांना काहीतरी बोलले होते. मला नंतर वाईट वाटलं." ज्या बाईला भिऊन मी बायको घरी ठेवली, त्या बाईला वाईट वाटलं होतं. मला तोवर वाटलेलं नव्हतं.

नदीतनं बोटीनं हिंडवलं. छप्पर जळालेलं मोठं चर्च कुंपणाबाहेरनं दाखवलं. त्या जगप्रसिद्ध बाईच्या चित्रापुढं इतकी गर्दी, की मला चित्र पुढच्याच्या मोबाइलमध्ये दिसलं. मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावर उभा होतो तेव्हा तिचा फोन आला. तिकडं धारांची वेळ झाली होती. व्हिडिओत आधी गाईचं तोंड, मग ती, मग पाच-सहा बाया डोकी घालून.

"दावा की, वरनं काय दिसतंय!"

मी फोन फिरवला. छपरं, नदी, झाडं.

"आगं बया, समदं एका मापाचं हाय."

एक शेजारीण ओरडली, "भावजी, येताना गोरी मडम आणू नगासा!"

"आणू दे की," ही म्हणाली, "शेण तरी काढंल." सगळ्या हसल्या. मग तिनं त्यांना दोन्ही हात पुढं करून दाखवले. "ह्यांनी घात केला बायांनो, न्हायतर आज मी बी तितं आसते." ते हात स्क्रीनवर मोठे दिसले, बोटं कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. मी म्हणालो, रेंज जाते आहे, आणि फोन बंद केला. रेंज चांगली होती.

शेवटच्या दिवशी शहराबाहेरचा राजवाडा होता. आरशांचं दालन, सोनेरी दारं, मैलभर बाग. आम्ही पशुखाद्यवाले म्हणून गाईडनं मुद्दाम लांबवर चालवत नेलं आणि एक खेडं दाखवलं. तळं, गवताची छपरं, कोंबड्या. हे खरं खेडं नव्हे, म्हणाला. राणीला हौस होती खेडवळ बाई होण्याची, म्हणून राजवाड्याच्या बागेत बांधून घेतलं. तिच्यासाठी दूधघर होतं, आत संगमरवर. राणी दूध-लोण्याचा खेळ खेळायला यायची, म्हणून गाया आधी धुऊन पुसून ठेवायचे, म्हणे.

सगळे हसत होते. "आपल्या बायकांना सांगितलं पाहिजे, तुमी बी राण्याच हाय म्हणून." कुणी तरी गोठ्यापुढं धारेला बसल्यासारखा फोटो काढून घेतला. मी तळ्याच्या कडेला बाकावर बसलो. माझ्या घरात खरी राणी होती. अकरा गायांची. ती इथं आली असती तर त्या दूधघरात शिरून तिनं आधी विचारलं असतं, आचळ कशानं धुत होते, आणि संगमरवरावर बाई घसरत कशी नव्हती. गाईडला उत्तर देता आलं नसतं. सगळे हसले असते, आणि त्या दिवशी ते तिच्या बाजूनं हसले असते. मला हे तिथं बसून स्वच्छ कळलं. कळून मी काही केलं नाही. उठलो, बसमध्ये चढलो, ठेच्याची रिकामी झालेली पिशवी घडी करून सीटवर ठेवली.

परत आल्यावर तिनं कीचेन कडबाकुट्टीच्या खोलीच्या किल्लीला लावला. अजून तिथंच आहे, काळा पडला आहे. फ्लेक्स चौकातनं उतरल्यावर तिनं मागून घेतला आणि कडब्याच्या गंजीवर झाकला. दोन पावसाळ्यांत माझा चेहरा धुऊन गेला. तिची बाजू आत दुमडलेली होती, ती राहिली.

इथंवर थांबलं असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. पुरुष माणूस असल्या गोष्टी गिळतो आणि त्याला पचल्या असं वाटतं.

आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन जर्मनीला गेली. जावई तिथं गाड्यांच्या कारखान्यात आहे. कोविड सरल्यावर तिला दिवस गेले आणि तिनं आईला बोलावलं. आई म्हणाली, "नगं गं पोरी. माजं ठसं येत न्हाईत. परत नाय म्हणतील, तुज्या सासरी हसं व्हईल." मुलगी रडली, भांडली. मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही तरी सांगा तिला. एकदा करून बघायला काय जातं?"

फॉर्म भरायचा म्हटलं की तिचा जुना पासपोर्ट बाहेर काढावा लागणार होता; तो दुकानात कागदांबरोबर आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. मी म्हणालो, "एकदा नाकारलंय. परत नाकारलं तर तुमच्या कागदांवर काही डाग लागायचा. राहू दे." हे मी बोललो. पॅरिसचं खोटं एकदा बोललो होतो, लाजेपायी. हे दुसऱ्यांदा, ते झाकण्यापायी. माझ्या मुलीचं बाळंतपण परक्या देशात, आईशिवाय झालं. तीन दिवस अडली होती. नर्स काय म्हणते ते तिला नीट कळत नव्हतं.

बाळाला तेल कसं लावायचं ते हिनं फोनवरनं शिकवलं. परातीत कणकेचा गोळा घेतला, त्याला हात-पाय काढले, फोन डब्याला टेकवला. "अशी टाळू भर. असा पाय वड, हळू. छातीवरनं दोनी हात असं बाहीर." मी दारातनं बघत होतो. ज्या हातांनी घात केला म्हणून ती गावभर सांगत होती, ते हात कणकेच्या नातवाला न्हाऊ घालत होते. झाल्यावर तिनं तो गोळा मोडला नाही. गाईलाही घातला नाही. तसाच फडक्याखाली झाकून ठेवला, आंबून वास येईपर्यंत.

आता मुलीला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी ती ऐकायला तयार नाही. गेल्या आठवड्यात म्हणाली, "आई, मी इथं नीट चौकशी केली. ठशावरनं असं कुणाला नाकारत नाहीत. तुझ्या पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, मी फॉर्म भरते."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी दुकान अर्धं लावलं, कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखालनं पासपोर्ट काढला आणि घरी आलो. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. मी पान उघडून तिच्यापुढं धरलं.

"हे बघ. हा तुझा व्हिसा. त्या वेळीच आला होता. मी लपवला."

तिनं हात पुसले, पासपोर्ट घेतला, लांब धरून बघितला. "फोटूत मी किती भ्यालीया."

"ऐकतीस का? तुझे ठसे आले होते. मी तुला खोटं सांगितलं."

"का?"

इथं मला ते सगळं सांगायचं होतं. हॉटेल, पाच बशा, मोठ्यानं हसणं. तोंडातनं निघालं एवढंच, "मला लाज वाटली."

"माजी?" ती हसली. "मी काय फाटकं नेसून निघाले हुते व्हय?" मग तिनं माझ्याकडं निरखून बघितलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. त्या मऊपणाचीच मला भीती वाटली. "आता कळलं. मी लेकीकडं जावं म्हणून आळ आपल्या अंगावर घेताय. माजी समजूत काढताय."

"नाही. खरंच—"

"गप बसा. तुमी असलं करणारं न्हाय. एवढी वर्सं मला ठावं न्हाय का? त्येंनी आदी दिला आसंल, मागनं काडून घेतला आसंल. त्यात कागुद काय, मशीन म्हणंल ते खरं. रेशनला बगतच आले की मी." तिनं पासपोर्ट छातीशी धरला. "पर तुमी म्हणला ना, मग मी परत करून बगते. बोटं झिजली तर झिजली."

मी गप बसलो. वर लिहिलं आहेच, मला ते जमतं. त्या क्षणी पाच बशांबद्दल बोललो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. ते इथं लिहितो आहे, तिनं वाचायला नको अशा ठिकाणी.

तिनं ओट्यावर उन्हात पासपोर्ट उघडा ठेवला, कोपऱ्यावर दोन शेंगा ठेवल्या, पान उडू नये म्हणून. एकेक पानाचा फोटो काढला. ते पान पण. मुलीला पाठवलं आणि खाली फोनमध्ये बोलली, "तुजं पप्पा बग, काय बी सांगत्यात. म्हणं व्हिसा आला हुता आन मीच लपवला. मला धीर द्याया. एवढं खोटं बोलत्यात माज्यासाटी." आणि हसली.

ती इंग्रजी वाचत नाही. मुलगी वाचते. त्या कागदावर तारखा आहेत. माझ्या पासपोर्टवरच्याच. आणि रद्द केल्याचा शिक्का कुठंच नाही.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मी फोनकडं बघत उभा राहिलो. मुलगी एरवी आईचं बोलणं पुरं ऐकायच्या आत फोन करते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. 'टायपिंग' असं आलं आणि गेलं. पुन्हा आलं आणि गेलं.

"टावर नसंल तिकडं," ती म्हणाली. आत जाऊन तिनं चुलीवर पाणी ठेवलं, वाटीत साय काढली, जुन्या लुगड्याची चिंधी टराटरा फाडली. "आजच्यापास्नं धारा तुमी काढा. पंद्रा दिस तरी."

मी बादली घेऊन गोठ्यात गेलो. गाईला माझा हात ओळखीचा नाही, तिनं पाय झाडला. ओट्यावर ती कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून बसली होती, आणि फोन तिच्या शेजारी उताणा पडला होता. वाजला तर तिचे हात ओले आहेत. उचलायला मलाच बोलावणार.